शून्य धरू नये

माझ्या कामावरचा त्यांचा पहिला शेरा मला अजून तोंडपाठ आहे. "स. न. वि. वि. ओळ सतरा वाचली. वापरणाऱ्याने इथे काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं तर काय होईल, हे लेखिकेने पाहिलेलं दिसत नाही. मी पाहिलं. वाईट होतं. लोभ असावा." कोडच्या ओळीखाली शेरा लिहायचा तर सगळं जग दोन शब्द लिहून मोकळं होतं. हा गृहस्थ तिथे अंतर्देशीय पत्र लिहीत होता. मी पुण्यात सात वर्षं काम करून आलेली. आधी मला हसू आलं. मग ओळ सतरा चालवून पाहिली आणि राग आला, कारण खरोखरच वाईट होत होतं.

आमची कंपनी म्हणजे रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, एका औषधांच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि पाच माणसं. आम्ही एकच गोष्ट बनवत होतो. फायलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळून ठेवणारा प्रोग्राम. आज लिहिलेलं उद्या खोडलं आणि परवा वाटलं की पहिलंच बरं होतं, तर ते परत काढून देणारा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी असली साधनं ढीगभर आहेत. आमचं होतं साध्या माणसांसाठी आणि मराठीत. छापखानेवाले, वकील, दिवाळी अंक काढणारे, असे लोक ते वापरत. आमचा मालक मुंबईहून परत आलेला, हसतमुख आणि कायम घाईत. त्याचा एकच कडक नियम होता. कोणीही काहीही लिहिलं तरी काकांनी ते वाचून खाली 'मान्य' लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

काका म्हणजे हेच पत्रलेखक. साठीच्या आसपासचे, बारीक, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट घालणारे. शहरात एका खोलीत एकटेच राहायचे. मूळ गाव लांज्याकडचं. त्यांना कोणी 'सर' म्हटलेलं खपायचं नाही. "मी कुणाला शिकवत नाय. मी फक्त वाचतो," म्हणायचे. म्हणून सगळे काका म्हणत. मला ते 'बाय' म्हणायचे, आमच्याकडे घरातल्या मुलीला म्हणतात तसं. पण शेऱ्यात मात्र मी कायम 'लेखिका'.

माझं सगळं त्यांच्या त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. मार्चअखेर प्रोग्रामची नवी आवृत्ती बाहेर पडायची, त्यात माझं काम मान्य होऊन गेलं तर कायम, नाही तर पुण्याला परत. आई इथे एकटी होती. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली होती आणि शेजारच्या वहिनींनी दार वाजवेपर्यंत तशीच बसून राहिली होती. हे तिने मला आठ दिवसांनी सांगितलं, तेही बोलता बोलता. त्यानंतर पुण्यात मला झोप लागेना. मी परत आले ती पुन्हा जायचं नाही असं ठरवूनच. आणि आता माझ्या आईचं म्हातारपण एका सुपारीवाल्या माणसाच्या हातात होतं.

सुपारीचं असं, की काका सुपारी खात नसत. एंटरच्या बटणावर ती चिकटपट्टीने घट्ट बसवायचे आणि खाली चहाला जायचे. परत येऊन बघायचे, सहा मिनिटं अखंड एंटर ऐकून प्रोग्रामने काय काय केलं. एकदा माझ्या प्रोग्रामने त्या सहा मिनिटांत स्वतःच्याच मदतीच्या फायली पुसून टाकल्या होत्या. त्यावर शेरा आला, "चहा पिऊन येईपर्यंत घर साफ. लेखिकेस शुभेच्छा."

त्यांच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात एसटीची जुनी तिकिटं. तिकिटांच्या पाठीमागे त्यांनी बारीक अक्षरात माणसं काय काय लिहितात ते टिपून ठेवलेलं असायचं. हे सगळं त्यांनी बँकेच्या रांगेत, तलाठ्याच्या कार्यालयात, लग्नपत्रिकांवर गोळा केलेलं. 'आडनाव: नाय.' 'घर क्रमांक: देवळाच्या मागे.' 'वय: शिमग्यानंतर साठ.' 'फाईलचं नाव: शेवटची, खरी शेवटची, आता बदलू नको.' दर सोमवारी त्यातलं एक तिकीट काढून ते आमच्या प्रोग्रामला खायला घालायचे आणि त्याला पचतं का ते बघायचे. आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. "हसू नका. वापरणारा मूर्ख नसतो, घाईत असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य, "प्रोग्रामाने अंदाज करू नये. त्याला हवामान खातं आहे."

एकदा त्यांनी मला मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे घ्यायला नेलं. म्हणजे मला वाटलं, मासे घ्यायला. एका कोळणीसमोर उभे राहून त्यांनी बांगड्याच्या वाट्यांकडे बोट केलं. ती म्हणाली, "किती देव?" काका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "काय?" काका पुन्हा पुटपुटले. तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "मोट्यान बोला की! मी काय देव हाय, तुमच्या मनातला वळखायला? यवडी मानसं खोळांबल्येत." काकांनी दोन वाटे घेतले आणि वळून मला म्हणाले, "बघितलंस? समजलं नाय तर तिने शून्यही दिले नाय आणि दहाही दिले नाय. परत विचारलं. असं लिहायला पाहिजे." मी मनात म्हटलं, हे मला ऑफिसात बसूनही सांगता आलं असतं.

असल्या माणसाच्या मागे काहीतरी मोठी गोष्ट असणार असं मला पक्कं वाटायचं. कुठेतरी त्यांच्या हातून मोठी चूक झाली असेल, कुणाचं तरी नुकसान झालं असेल. एक दिवस न राहवून विचारलं. ते म्हणाले, "काय्येक नाय झालेलं. मला आवडतं." माझी निराशा झाली. आज वाटतं, आवडतं हेच कारण जास्त मोठं आहे, पण तेव्हा मी गोष्ट शोधत होते.

आता ओळ दोनशे बारा. नव्या आवृत्तीत मी एक सफाईची सोय लिहिली होती. जुन्या आवृत्त्या साठून डिस्क भरली की प्रोग्राम विचारणार, 'शेवटच्या किती आवृत्त्या ठेवायच्या?' माणूस आकडा लिहिणार. तेवढ्या ठेवून प्रोग्राम बाकीच्या काढून टाकणार. लिहिलेल्या अक्षरांचा आकडा करून देणारी एक जुनी तयार सोय आहे, ती मी त्या ओळीत वापरली. तिची एक खोड आहे. तिला वाचता आलं नाही तर ती तसं सांगत नाही, मुकाट्याने शून्य देते.

काकांचा शेरा आला, "ओळ २१२. न समजणे आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न समजल्यास शून्य धरू नये. परत विचारावे." मी उत्तर लिहिलं की आकड्याच्या जागी कोणी कविता लिहीत नाही. त्यांनी लिहिलं, "कोण काय लिहील हे लेखिकेने ठरवू नये." खरं सांगायचं तर दुरुस्ती अवघड नव्हती, कंटाळवाणी होती. तीच सोय मी आणखी वीस ठिकाणी वापरली होती. एक ओळ बदलली असती तर काकांनी वीसही बदलायला लावल्या असत्या, आणि मार्च संपत आला होता. मी बाकीचे आक्षेप दूर करून काम परत परत पाठवत राहिले आणि ते दर वेळी त्याच एका ओळीवर परत येत राहिलं. नऊ वेळा.

नवव्या वेळी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन भांडले. चांगला आवाज चढवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे देवळात कौल लावतात?"

"लावत असतील. मी नाही गेले कधी."

"आमच्याकडे गुरव देवाला पाकळ्या लावतो. गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. एकदा आमच्या चुलत्याने विहिरीची जागा विचारली. तास झाला, एकही पाकळी पडली नाय. तर गुरवाने काय केलं असेल?"

"देव नाही म्हणाला असं सांगितलं असेल."

"तसं कोण म्हणत नाय, बाय. देव बोललाच नाय, त्याला नाय म्हणाला कसं म्हणायचं? गुरवाने गाऱ्हाणं परत घातलं. जरा सोपं करून. एका वेळी एकच जागा विचारली."

"देवाचं बरं आहे हो काका," मी म्हटलं, "त्याला मार्चअखेर नसते."

त्यावर मात्र ते हसले. काम मान्य केलं नाही ते नाहीच.

पुढच्या आठवड्यात शिमग्यासाठी ते गावाला गेले. वर्षभर ते रजा घेत नसत, शिमग्याचे दिवस मात्र कोणासाठी सोडत नसत. गावातलं त्यांचं घर एरवी बंद असायचं. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, ती दाराशी येते त्या दिवसासाठी ते जाऊन घर उघडत, सारवून घेत, ओटीचा नारळ ठेवत. इकडे मालक माझ्या टेबलाशी आला. गिऱ्हाइकं खोळंबली होती. "काका येईपर्यंत थांबलो तर मार्च गेला. तू सात वर्षं काम केलंयस, तुला काय वाटतं, ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक आहे. काकांच्या जागी मालकाने स्वतः 'मान्य' लिहिलं आणि नवी आवृत्ती त्याच संध्याकाळी गेली. घरी जाताना मी आईसाठी खरवस घेतला.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, एका गुरुजींचा फोन आला. हेदवीच्या अलीकडच्या एका गावातल्या नमन मंडळाचे ते लेखक. नमन म्हणजे आमच्याकडचा लोकनाट्याचा खेळ. आधी गण, गवळण आणि मग वग. गुरुजींनी यंदा वगात एक नवं पात्र घातलं होतं. ते करणाऱ्याला मुंबईत ऐनवेळी रजा नाकारली. सोमवारी रात्री गावात प्रयोग. सगळ्यांनी ठरवलं, मागच्या वर्षीचाच वग करायचा, आणि गुरुजी आमच्या प्रोग्राममधून तो काढायला गेले. त्यात फक्त नवा वग होता. मागचे सगळे गेलेले. छापील प्रती त्यांनी संगणक आल्यापासून काढायचं सोडलं होतं.

मी विचारलं, सफाई केली होती का? म्हणाले, "होय, कालच. डिस्क भरली सांगत होता. किती ठेवायच्या म्हणाला, मी बारा लिहिले."

मी विचारलं, "बारा कसे लिहिलेत?"

"कसे म्हणजे? एकावर दोन."

गुरुजी वग लिहितात, त्यांचा कळफलक मराठीच असतो. त्यांनी '१२' लिहिलं होतं. माझ्या ओळ दोनशे बाराला फक्त इंग्रजी आकडे येत होते. मराठीत लिहिलेला आकडा तिला वाचता आला नाही आणि तिने शून्य धरलं, म्हणजे जुनी एकही ठेवायची नाही. मराठी माणसांसाठी केलेला मराठी प्रोग्राम, लिहिणारी मी रत्नागिरीची, आणि आकडा मराठीत येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी फोन ठेवला. नोकरी गेली हे तर कळलंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

मालक म्हणाला, दिलगिरीचं पत्र पाठवू. मी काकांना फोन केला. पलीकडे ढोल वाजत होते, मला ओरडून सांगावं लागलं. त्यांनी सगळं ऐकलं, एक-दोन गोष्टी पुन्हा विचारल्या, आणि म्हणाले, "उद्या सकाळी स्टँडवर ये. जयगडची गाडी."

शनिवारी सकाळी ते स्टँडवर पिशवी घेऊन उभे होते. शर्टाच्या कॉलरला गुलाल लागलेला. जयगडला फेरीबोट धरून आम्ही खाडीपलीकडे तवसाळला उतरलो आणि तिथून रिक्षाने गावात. देवळाच्या सभामंडपात मंडळाची पंधराएक माणसं बसली होती. बरेचसे मुंबईहून रजा काढून आलेले. गुरुजी पुढे आले आणि त्यांनीच हात जोडले. "माझाच चुकला. मी मराठीत आकडा टाकला."

"तुमचं काय एक चुकलेलं नाय," काका म्हणाले. "आमच्या प्रोग्रामाला वाचता येत नाय, आणि येत नाय हे तो सांगत पण नाय. ही त्याची लेखिका. ती सांगेल."

मी सांगितलं. पंधरा माणसांसमोर उभं राहून सांगितलं की मला याबद्दल नऊ वेळा बजावलं होतं. कोणी रागावलं नाही. राजाचं काम करणारा रिक्षावाला एवढंच म्हणाला, "मंग आता सोमवारी आमी काय बोलायचा?"

काकांनी माझ्या पिशवीतून माझाच लॅपटॉप काढून माझ्या पुढ्यात ठेवला. "तुम्हाला मागच्या वर्षीचं तुमचं तुमचं बोलणं पाठ असेल ना?"

"मंग! तीस खेळ केलेव आमी."

"झालं तर. एकेकाने सांगा. ही लिहील."

सकाळी अकराला सुरुवात केली. राजा बोलायचा, मी लिहायची. प्रधान बोलायचा, मी लिहायची. गवळणीतली मावशी करणारे मिशावाले गृहस्थ साडीशिवाय बोलायला लाजत होते, त्यांनी खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं आणि मग घडाघडा म्हणाले. एका ठिकाणी राजा एक म्हणे, प्रधान दुसरंच. मला राजाचं जास्त बरं वाटलं, मी तेच लिहायला घेतलं. काकांनी माझ्या हाताला धरलं. "तुला बरं वाटतं म्हणून नको. विचार." मी विचारलं. दोघांनी उठून तो प्रवेश उभ्याने करून बघितला आणि प्रधान बरोबर निघाला.

दुपारी एका जागी सगळे अडकले. राजा वनात जातो तिथलं एक वाक्य कोणालाच आठवेना. मागच्या वर्षी ते एक वाक्य ज्याच्या तोंडी होतं, तोच तो मुंबईत अडकलेला, आणि त्याचा फोन लागत नव्हता. गुरुजी थकले होते. म्हणाले, "तुमीच घाला बाई कायतरी. शिकलेल्या हाव." माझ्याकडे वाक्य तयार होतं, चांगलं होतं. काका म्हणाले, "नको. जागा रिकामी ठेव. विचारत राहा."

मी एकेकाला पुन्हा विचारलं. शेवटी मृदंगवाल्यापाशी आले. त्यांना संवाद नव्हते म्हणून आधी कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मांडीवर बोटं चालवून बघितली, दोनदा मागे गेले, आणि म्हणाले, "'वाट चुकली नाय, वाटच हलली.' ह्याच्यावर माझी थाप पडते." सगळा सभामंडप ओरडला. मी ते लिहिलं आणि मला रडू आलं. घड्याळात अडीच वाजले होते.

चारपर्यंत वग पुरा झाला. त्यांनी आम्हाला जेवू घातलं आणि प्रयोगाला यायचा आग्रह केला. काका हो म्हणाले.

परतीच्या फेरीबोटीत आम्ही कठड्याशी उभे होतो. शेवटी मीच विचारलं, "काका, माझं काय होणार?"

"मालकांना सकाळीच सांगितलं मी. ठेवा म्हणून."

"का?"

"गुरुजींनी बारा लिहिले म्हटल्यावर, कसे लिहिलेत हे तू विचारलंस. मालकांनी नसतं विचारलं." मग म्हणाले, "सोमवारी त्या वीस ओळी बदलून पाठव. मी वाचतो."

मला फार आनंद झाला. आई, तिचं न्हाणीघर, आमचं घर, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. जयगडच्या बाजूने कुठल्यातरी वाडीतले ढोल ऐकू येत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "यंदा तुमच्याकडची पालखी चांगली झाली ना?"

"आज होती," काका म्हणाले. "आमच्या वाडीत दुपारी अडीचच्या सुमाराला येते."

"आज? मग घर?"

"बंद. किल्ली माझ्याकडे." त्यांनी खिसा चाचपला, किल्ली आहे की नाही ते बघायला. "थांबली असेल अंगणात थोडा वेळ. मग पुढे गेली असेल."

त्यांच्या कॉलरवरचा गुलाल गावच्या होळीचा होता. तो पाहून सकाळी स्टँडवर मी धरून चालले होते की त्यांची पालखी होऊन गेली. विचारलं नव्हतं.